अर्थाची वायर

खोक्यातून काढली तेव्हा घड्याळ समजून
रसवंतीवाल्या हिलालनं टाइम विचारला.
म्हटलं, ही वेळ नाही सांगत.
एक भाग पेट्रोलमागं गाडीनं हवा किती ओढली,
एवढंच सांगते.
मग किती ओढावी?
चौदा पॉइंट सात.
त्यानं चिपाड दुमडून परत चरकात घातलं
नि पुढं काही विचारलं नाही.

अमळनेर, चोपडा रोड, दुपारचा दीड.
पान्याला हात लावायचा तर फडकं गुंडाळून.
जुनी जिप्सी खड्ड्यावर उभी, खाली मुबारक तडवी
सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून
नट जोडतोय.
तिरपा जोड, मी वरून सांगतो, घड्याळातल्या दहासारखा,
सेन्सरच्या तोंडात पाणी साचायला नको.
काच कपाळावर सारत तो म्हणतो,
नळाला आठव्या दिवशी येतं,
ते तुझ्या पाइपात कुठून साचतं?

लाल वायर चावीवर, मधे पाच अँपिअरचा फ्यूज.
पांढरी दिव्यांच्या स्विचला,
म्हणजे रात्री आकडा जरा डोळे मिटेल.
काळी अर्थाची.
ती समोर दिसला त्या बोल्टला आवळली.

बसवण्याआधी सेन्सरला मोकळी हवा दाखवावी लागते.
धूर नसणं कसं असतं ते त्याला
एकदा कळावं लागतं.
मागच्या निंबाच्या फांदीला टांगला.
कापसाचा ट्रक गेला, थांबलो.
चोपड्याची एसटी गेली, थांबलो.
मग कुणीतरी शेजारी बिडी पेटवली.
पाऊण तास गेला
एक मिनिट स्वच्छ मिळायला.

गाडी चालू केली. अकरा. सतरा. अकरा.
जेटचा स्क्रू फिरवला, बारा, अठरा.
दिवे लावले तर आकडा खाली बसला,
इंडिकेटर दिला तर
तोही इंडिकेटरबरोबर डोळा मारायला लागला.
साडेसात हजार, मनात म्हटलं, गेले.

भटूआप्पा केव्हा आले कळलं नाही.
चाळीस वर्षं त्यांनी कार्ब्युरेटर कानानं लावले.
कान गेले तसे आता
लांब पेचकस इंजिनाला टेकवून
मूठ दाताखाली धरतात.
दात तरी किती उरलेत.
त्यांनी इंजिन नाही ऐकलं.
मिचकणारा आकडा बघितला, इंडिकेटर बघितला,
काळी वायर बोटानं चाचपत गेले
बोल्टापर्यंत.

"रंगवर अर्थ नही लागस, भो.
पहिले घस."

घासलं.
माझा पांढरा निघाला,
आधीच्या मालकाचा निळा निघाला,
त्याखाली मिलिटरीचा हिरवा.
मग एकदम चकचकीत, नाण्याएवढं लोखंड,
जे कारखान्यानंतर कुणी पाहिलं नव्हतं.
वायर तिथं दाबली.

आकडा गप्प झाला.

मी मीटरवर तळहात ठेवला.
आप्पांनी पेचकस दाताखाली घेतला, डोळे मिटले,
स्क्रू पाव फेरा, मागं एक केसभर,
आणि थांबले.
हात काढला. तेरा पॉइंट सहा.
पुस्तिकेतलं चौदा पॉइंट सात
त्यांना बोटानं दाखवलं.
त्यांनी चष्मा वर करून, लांब धरून वाचलं.
"मे महिनाना आकडा नही हाई."
आणि स्क्रूवर माझा हात जाऊ दिला नाही.

संध्याकाळी तापीच्या पुलाशी गाडी बंद करून
चावी नुसती चालू ठेवली.
पांढरी वायर मी सैल ठेवली होती बहुतेक,
काचेत आकडा भगभगत होता.
मग हळूहळू तो वर सरकला, सरकला,
आणि त्या जागी दोन आडव्या रेघा.
"आते काय सांगस हाई?"

ओरडून सांगायचं तर
पुलावरून जाणारे सगळे थांबले असते.
मी काच खाली केली
आणि त्यांचा हात धरून
बाहेर काढला.